माळी, फॉरवर्ड आणि माझी सही

आमच्या अरेरा कॉलनीतल्या ऑफिसात एक हॉकीपटू आहे. कागदावर तो क्लार्क, खेळाडूंच्या कोट्यातला. प्रत्यक्षात त्याच्या खुर्चीवर वर्षातले दहा महिने इतरांचे डबे ठेवलेले असतात. कुणाची तक्रार नाही. भोपाळात हॉकी खेळणाऱ्याला टायपिंग सांगणं म्हणजे जावयाला भांडी घासायला लावणं. आंतरकार्यालयीन स्पर्धेची ढाल चार वर्षं साहेबांच्या कपाटावर आहे, ती या फॉरवर्डमुळेच.

मी आस्थापना शाखेत. माणसांना घेणं, बदलणं, काढणं, सगळ्याच्या नोटशीट माझ्या हातून जातात. पुण्याहून इथे येऊन वीस वर्षं झाली, पण नियमावर बोट ठेवायची माझी खोड काही भोपाळला घालवता आली नाही.

गेल्या हिवाळ्यात, स्पर्धेला दहा दिवस असताना, या पठ्ठ्याने सायकल स्टँडखाली राहणाऱ्या आमच्या तांबड्या कुत्रीला स्टिकने हाणलं. तिने त्याचा बूट पळवला होता, एवढाच तिचा गुन्हा. मागचा पाय मोडला. शिपायाने व्हिडिओ काढला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. कुत्रीला जनावरांच्या दवाखान्यातून प्लास्टर घालून आणलं आणि मग पंचायत बसली. "जोश जोश में हो गया." "बच्चा है." "खेळाडूचं रक्त गरमच असतं." बच्चा अठ्ठावीस वर्षांचा आहे. तो स्वतः माझ्या टेबलाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "सॉरी मॅडम, हाथ छूट गया." मी भयंकर चिडले होते, पण तो खरोखर शरमला होता हेही सांगायला हवं.

साहेब ग्वाल्हेरचे, मराठी बोलतात पण घाईत हिंदीवर जातात. मला म्हणाले, "नोट बनवा, पण जरा सांभाळून. टूर्नामेंट सर पर आहे."

नोट लिहायची तर आधी पूर्वीचं तसलंच प्रकरण शोधायचं, ही आमची रीत. मागे काय केलं ते सापडलं की आज डोकं चालवावं लागत नाही. मी कपाट उघडलं आणि माझ्याच हस्ताक्षरातली फाइल हाती आली.

त्याआधी वर्षभर आमच्या माळ्याने याच कुत्रीला फावड्याच्या दांड्याने मारलं होतं. तिने त्याची नुकती लावलेली शेवंती उकरली होती. दोन दिवस लंगडून ती बरी झाली. माळी ठेक्यावरचा. सकाळी तक्रार, दुपारी माझी नोट: 'मुक्या प्राण्याशी क्रूर वर्तन. सेवा तत्काळ समाप्त करावी.' संध्याकाळी तो फाटकाबाहेर. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला ऐटीत सांगितलं होतं की आज एका मुक्या जिवाला न्याय मिळवून दिला. माळी मंडीदीपला कारखान्यात गोण्या उचलायला जातो, हे पुढे शिपाई म्हणाला, तेव्हा मी 'बरं' म्हणून दुसरी फाइल ओढली होती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी आयुष्यभर सासूबाईंबद्दल म्हणत आले. आता माझ्याच सहीखाली ते दिसलं आणि कानशिलं गरम झाली.

ती फाइल घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले.

"ही कशाला काढली?" त्यांनी विचारलं.

"पूर्वीचं प्रकरण आहे, साहेब. तीच कुत्री, तोच गुन्हा. तेव्हा तर पायही मोडला नव्हता."

"अहो, तो ठेक्यावरचा माळी. हा स्टेट खेळलाय."

"नोटेत तसं लिहू?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुम्हाला पोराची नोकरी घालवायची आहे?"

इथेच घोडं पेंड खात होतं. मला ती घालवायची नव्हती. एका फटक्यापायी माणसाचं पोट हिरावून घेणं दुसऱ्यांदा माझ्याच्याने झालं नसतं. मी म्हणाले, "जायचे तर दोघं जातील, राहायचे तर दोघं राहतील. एकाला एक, दुसऱ्याला दुसरं, असं मी लिहिणार नाही."

साहेबांनी कपाटावरच्या ढालीकडे एकदा पाहिलं आणि माळ्याच्या ठेकेदाराला फोन लावला.

फॉरवर्डला लेखी ताकीद आणि पहिले दोन सामने बाहेर. ते दोन सामने तर मी मैदानात उतरले असते तरी आम्ही जिंकलो असतो. ढाल चौथ्यांदा आमच्याकडे आली. माळ्यालाही तशीच लेखी ताकीद, आणि सोमवारी तो कामावर हजर. मी बाहेर जाऊन त्याला म्हटलं, "भैया, उस दिन मुझसे जल्दी हो गई."

"मारा तो था, मॅडम," तो म्हणाला. "बस, उस दिन किसी ने कुछ पूछा नहीं." आणि तो नळाला पाइप लावायला गेला.

ऑफिसात माझी वाहवा झाली. दोघांना सारखा न्याय, म्हणे. आठवडाभर मीही मिरवलं.

कुत्रीचा पाय मात्र वाकडाच जुळला. बूट पळवणं तिने सोडलं. फॉरवर्ड फाटकातून आत आला की ती जीपखाली शिरते, माळी दिसला की भिंतीच्या कडेने निघून जाते. आणि मी आले की तीन पायांवर उड्या मारत येते, पर्समधल्या बिस्किटासाठी शेपूट हलवते. दोन्ही नोटांमध्ये मी तिच्यासाठी एक ओळही लिहिली नाही, हे तिला ठाऊक नाही. मी वाकून बिस्किट देते आणि तिच्या डोळ्यांत बघायचं टाळते.