भुरीबाईनं कडं कापलं

भुरीबाई आमची मुकादम. कापूस वेचाले जाणाऱ्या बायांच्या टेम्पोत वीस सालं समोर बसली, डायवरच्या बाजूले.

मागच्या हंगामात नेरकडून येताना तिले लघवी आवरली नाही. परक्या माणसाले थांब कशी म्हणन? सीटवरच झालं. डायवर नाक दाबून हासला. दुसऱ्या दिवशीपासून बाई घरात. पाणी पेनंच सोडलं तिनं! आठ महिने झाल्यावर म्या म्हटलं, "अवं, अशानं मरशीन!" अन् ओढतच दवाखान्यात नेली.

तिथल्या रुपाली मॅडमनं पहिले पाण्यावरून झापलं. मंग समजावलं, घोट्याच्या आतून एक नस जाते, तिचं लघवीच्या पिशवीशी नातं हाये. तिथं चिकटपट्टी लावून बारीक करंट द्यायचा. सुई नाही, चिरफाड नाही. हप्त्यातून दोनदा, अर्धा-अर्धा घंटा, बारा हप्ते. गुण येईनच अशी हमी नाही. "पण पायातलं हे कडं काढा."

घ्या! सासूनं लग्नात घातलेलं कडं. नवरा जिता हाये तोवर काढायचं नाही, ही तिच्या घरची रीत. नणंदेनं घर डोक्यावर घेतलं, "माहा भाऊ मेला काय?" नवरा धरमसिंग खाटेवर मुंडी खाली घालून बसला. मले असा राग आला! बायको आठ महिने कोंडून बसली, तवा काहून नाही बोलले कोणी?

भुरीबाई उठली. "तो नाही मेला. मी मेलती. आता नाही मरत."

कडं घट्ट बसलेलं, ओढून निघत नव्हतं. तडक सोनाराकडं गेली अन् पाय पुढं केला, "काप." धरमसिंग मागून आलता. तुकडे उचलून रुमालात बांधले त्यानं.

बारा हप्ते गेली ती. पायाले मुंग्या येतात म्हणे, अंगठा आपोआप हालते. पुरी बरी झाली काय? नाही. पण पहिले वीस मिनिटं दम निघत नव्हता, आता घंटाभर निघते.

यंदा वेचणी लागली तशी टेम्पोत समोर जाऊन बसली. अर्ध्या रस्त्यात डायवरले म्हणे, "थांबव. मले लघवीले जायचं हाये."

तो हासाले लागला.

"हास लेका. हासून झालं की गाडी बाजूले घे."

घेतली त्यानं. तुरीआडून ती आली, लुगडं झटकलं, अन् मागं येऊन आमाले इचारलं, "अजून कोणाले जायचं हाये?"

बाया एकमेकीकडं पाहाले लागल्या. मंग मी उतरली. माह्या मागं साऱ्याच उतरल्या.