शिंगणापूरचं कुलूप

कोल्हारला नदीकाठी पाणीयोजनेचा पंप मी चालवतो. गेल्या उन्हाळ्यात लांबच्या टाकीची पातळी पंपघरातच दिसावी म्हणून वायरलेस बसवायला एक बाई आल्या. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, त्याला स्वतःचं कुलूप ठोकलं, किल्ली गळ्यातल्या दोरीत ओवली आणि त्या खांबावर चढल्या.

मला ते लागलंच. खालून म्हणालो, "ताई, मी हाय की हितं. कुलूप कशाला?"

अँटेनाचा नट आवळत त्या म्हणाल्या, "दादा, मी शिंगणापूरची. आमच्या घराला दारबी न्हाई. पन मानूस वर असलं की खाली कुलूप लागतंच."

तेवढ्यात पंचायतीतले अण्णा तणतणत आले. "गाव पान्यावाचून बसलंय," म्हणत त्यांनी थेट स्विचला हात घातला. हात कुलपावर अडला. वर बाईंच्या हातात उघडी वायर होती. त्यांनी खाली पाहिलंही नाही.

काम संपवून उतरल्यावर त्यांनीच कुलूप काढलं. स्विच चढवताच टाकीची पातळी पंपघरातल्या नव्या पडद्यावर उमटली. कुलूप पदरानं पुसून त्यांनी पिशवीत टाकलं आणि त्या निघून गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

आता पंपाच्या दुरुस्तीला कुणी आलं, की मी आधी माझं कुलूप पुढं करतो. कशाला म्हणून विचारलं, तर छाती काढून सांगतो, "शिंगणापूरची रीत हाय."