बदलायची जागा

मी हिंगणघाट सोडलं त्या दुपारी आई मोरीपाशी बसून माझ्या भाच्याची दुपटी धूत होती. भाचा तीन महिन्यांचा होता. माझी आर्या तीन वर्षांची. माझा नवरा विलास दोन महिन्यांपूर्वीच पुण्याला, रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला लागला होता आणि त्याने वाघोलीत भाड्याचा फ्लॅट बघून ठेवला होता. दारात ऑटो उभा. भाऊ बॅगा चढवत होता. आई उठली, पण हात साबणाने भरलेले, म्हणून तिने मनगटाच्या मागच्या बाजूने आर्याच्या गालाला शिवल्यासारखं केलं आणि मला म्हणाली, "जाय बाई. पोचली की फोन कर."

ऑटोतून मी मागे वळून पाहिलं तर ती परत मोरीपाशी बसलेली. मला वाईट वाटलं. मी राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालले आहे, आणि हिला दुपटी महत्त्वाची. पुढे दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला लागल्यावर कळलं की ऊन उतरायच्या आत दुपटी दोरीवर गेली नाहीत, तर बाळाला ओल्यात झोपवावं लागतं. त्याला कोण जातंय, कोण येतंय, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

याला बारा वर्षं झाली. आमच्याकडून इकडे आलेल्या, आणि तिकडेच राहिलेल्या, सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तिकडे राहिलेल्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

पुण्यात आल्यावर पहिली काही वर्षं मी नुसतं बोलणं सुधारत होते. "मी येऊन राहिली", म्हणजे येतेय, असं म्हटलं की शेजारच्या बाई विचारायच्या, "कुठे राहिलीस?" त्या हसून विचारत, पण विचारत. मग एकदा वरच्या मजल्यावरच्या एका मुलीकडची बाळ सांभाळणारी बाई काम सोडून गेली आणि त्या मुलीने आपलं बाळ आठवडाभर माझ्याकडे ठेवलं. आठवड्याचा महिना झाला. तिच्या ऑफिसातल्या दोघींनी विचारलं. असं करत माझं पाळणाघर सुरू झालं. आज आठ मुलं आहेत. त्यातली पाच डायपरमधली.

सुरुवातीला मी त्यांना हॉलमध्येच, जमिनीवर बदलत असे. जुनी सतरंजी, त्यावर प्लास्टिक, त्यावर बाळ. आमच्याकडे तसंच करतात. माझ्या डाव्या हाताशी एक बाळ उघडं, उजव्या हाताशी दुसरं केळं खातंय, तिसरं रांगत येऊन ओल्या डायपरला हात घालतंय. मी एकीकडे "नको रे" म्हणत दुसरीकडे पुसत असे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा वाकायचं आणि वीस-पंचवीस वेळा उठायचं. संध्याकाळी मुलं गेली की मी भिंतीला पाठ लावून बसत असे. विलास कामावरून आला की मला तशीच बसलेली बघून कुकर लावायचा.

एका दुपारी ऋचा लवकर आली. ही विहानची आई, खराडीला आयटी कंपनीत. विहान तेव्हा आठ महिन्यांचा होता आणि त्या आठवड्यात त्याला जुलाब होत होते. अजून दोघांना होते. मी दार उघडून लगबगीने परत सतरंजीवर येऊन बसले, कारण तिथे दुसरं बाळ अर्धवट पुसलेलं होतं. ऋचा दारातच थांबली. तिने सतरंजी पाहिली, केळं पाहिलं, रांगणाऱ्या मुलीचा हात पाहिला.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही प्रेमाने करता हे मला दिसतं. पण इथे नको ना. हे लोक इथेच खातात."

मी म्हटलं, "आम्ही सगळे असेच मोठे झालो."

"हो," ती म्हणाली. "आणि जुलाबही असेच झाले असतील."

तिने विहानला उचललं, पिशवी घेतली आणि पुढचे आठ दिवस त्याला आणलं नाही. मला इतका राग आला की मी विलासला म्हणाले, यांना आईची मायाही पाहिजे आणि दवाखान्याची स्वच्छताही पाहिजे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण ती खोटं काय बोलली?"

पुढच्या रविवारी आम्ही जागा केली. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, बेसिनपासून दोन पावलांवर. आर्याचं जुनं अभ्यासाचं टेबल होतं, त्याचे पाय विलासने उंच करून घेतले, माझ्या कंबरेपर्यंत येतील इतके. तिन्ही बाजूंनी चार बोटं उंच कड ठोकली. वर पुसता येईल अशी गादी. उजव्या हाताशी फळी, फळीवर प्रत्येक मुलाचा डबा, डब्यावर नाव: त्याचे डायपर, त्याचंच क्रीम, कापूस. कोमट पाण्याचा थर्मास. खाली पायाने उघडणारी झाकणाची बादली आणि वापरलेलं गुंडाळायला कागद, कचरा नेणाऱ्याला कळावं म्हणून वर लाल खूण करून. सोसायटीच्या बोर्डावर त्याआधीच एक सूचना लागली होती: "वापरलेले डायपर उघडे टाकू नयेत. ते कुठल्या फ्लॅटमधून येतात हे सर्वांस ठाऊक आहे. आणखी ठाऊक करून देण्याची गरज नाही."

जागा झाल्यावर मी स्वतःला नियम घातले. बाळ टेबलावर ठेवायच्या आधी सगळं हाताशी घ्यायचं. एक हात कायम बाळाच्या पोटावर. दाराची बेल वाजू दे, फोन वाजू दे, हात उचलायचा नाही. झालं की आधी बाळाचे हात धुवायचे, मग माझे. टँकर आला नसेल त्या दिवशी हात धुवायला बादलीतलं पाणी राखून ठेवायचं, जेवणाची भांडी पडली तरी चालतील. नवव्या दिवशी ऋचा विहानला घेऊन आली. पॅसेजमध्ये उभी राहून तिने सगळं पाहिलं, डब्यावरचं नाव वाचलं आणि विहानला माझ्या हातात दिलं. जाताना बेसिनवर तीही हात धुऊन गेली.

माझी पाठ थोडी सुटली. थकवा सुटला नाही. त्याची जागा फक्त बदलली.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आईला लकवा मारला. डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. भाऊ दिवसभर कापडाच्या दुकानात. आईचं सगळं सुनंदा वहिनीवर आलं. खाऊ घालणं, पुसणं, डायपर. मी रोज व्हिडिओ कॉल करायची. वहिनी फोन आईच्या तोंडासमोर धरायच्या, मला आईचा अर्धा चेहरा आणि वहिनींचा अंगठा दिसायचा. मी विचारायची, "कशी आहेस?" आई म्हणायची, "बरी." मग विहान किंवा दुसरं कोणी रडायचं आणि मी फोन ठेवायची. आठ घरांचे आईबाप माझ्या भरवशावर सकाळी बाहेर पडतात. मी एक दिवस दार उघडलं नाही, तर आठ ऑफिसांत सुट्टी पडते. हे मी भावाला सांगायची आणि तो "हाव, हाव, समजते" म्हणायचा. समजत होतं की नाही, कोण जाणे.

दिवाळीत पाळणाघर सहा दिवस बंद ठेवून मी एकटी गेले.

आई बुटक्या खाटेवर होती. वहिनी कमरेत वाकून, एका गुडघ्यावर बसून तिला बदलत. पावडर एका खिडकीत, कापड दुसऱ्या खोलीत, मधेच उठून आणायला जायच्या. आईच्या माकडहाडापाशी कातडी लाल होऊन सोलायला लागली होती. मला ते बघवलं नाही. मी चहासुद्धा पूर्ण प्यायले नाही. भावाला सांगून खाटेच्या चारी पायांखाली विटा लावल्या. कोपऱ्यातलं टेबल ओढून खाटेच्या उजव्या बाजूला आणलं, त्यावर सगळं मांडलं, डायपर, क्रीम, कापूस, थर्मास. झाकणाची बादली बाजारातून आणवली. वहिनींना म्हटलं, "आधी सगळं हाताशी घ्यायचं. मग सुरुवात करायची. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे कातडी सुटणार नाही."

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, झालं तुमचं मांडून?"

"हो."

"मग आता हे सारं त्या बाजूनं घ्या. मी डाव्या हातानं काम करते."

बारा वर्षं पुण्यात, त्याआधी दोन वर्षं एका गावात, रोजचं येणंजाणं. समोरासमोर बसून आम्ही पापड लाटले असतील. वहिनी डावखुऱ्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. मी टेबल ओढून दुसऱ्या बाजूला नेलं.

वहिनींचं मात्र संपलं नव्हतं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "पाच महिने झाले मी करून राहिली. कोणी विचारलं नाही मले पाठ दुखते का म्हणून. तुम्ही येता, चार दिवसांत शिकवता, जाता. विटा चांगल्या लावल्या तुम्ही. पण विटा लावाले पाच महिने लागले."

भाऊ बाहेर निघून गेला. त्या तासाला आईला बदलायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही बसा. मी करते." आणि आईपाशी गेले.

मी पातळाला हात लावला तशी आईने चांगल्या हाताने पातळ घट्ट धरलं. "तू नको," ती म्हणाली. जीभ जड होती, पण शब्द नीट कळले. "सुनंदाले बोलाव."

"अगं आई, मी रोज करते हे. पाच-पाच जणांचं."

"तू पाव्हणी," आई म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

दिवसाला वीस-पंचवीस वेळा मी अनोळखी लोकांच्या लेकरांना पुसते, आणि माझ्या आईने मला हात लावू दिला नाही. मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही, फार दमायला झालं होतं. आतून वहिनींचा आवाज येत होता, "इकडं वळा. आता त्या अंगावर." आणि आई वळत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी स्वतःच आल्या. डोळे सुजलेले होते. आईला म्हणाल्या, "आई, करू द्या त्यांना. मले झोप येऊन राहिली." मग माझ्याकडे न बघता, "मी आतल्या खोलीत हाय. लागलं तर उठवा." त्या गेल्या आणि पडल्या पडल्या त्यांना झोप लागली.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पातळावरची मूठ सोडली.

मी सगळं हाताशी घेतलं. सवयीने एक हात तिच्या पोटावर ठेवला. पाणी कोमट आहे का ते मनगटाला लावून पाहिलं. मी काम करत होते आणि माझ्या तोंडून, माझं मलाच न कळता, रोजचं पाळणाघरातलं निघालं: "झालं, झालं, झालंच माझं सोनं ते." मी थबकले. लाजेने मान वर करवेना.

आईचं अर्धं तोंड हसलं. "लेकरू समजली का मले?" ती म्हणाली.

"चुकलं," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "हात हलका हाय तुझा."

वहिनी दिवेलागणीला उठल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या दुपारी झोपल्या होत्या, असं भावाने मला नंतर सांगितलं. त्यांनी उठून आईचं अंग पाहिलं, क्रीम कुठे लावलं ते पाहिलं, मान हलवली आणि चहा टाकला. माझ्या कपात साखर कमी होती. पुण्यात मी कमी घेते हे त्यांना ठाऊक होतं. फोनवर कधीतरी मीच बोलले असेन.

मी परत आले, कारण परत यायचंच होतं. आईची जखम महिन्याभरात भरून आली. ते वहिनींनी केलं, मी नाही. आता दर तीन महिन्यांनी चार दिवस पाळणाघर बंद असतं. मी पालकांना कारण सांगते. एकीने विचारलं, "दर वेळी जावंच लागतं का?" तिला उत्तर द्यायच्या आधी ऋचाच म्हणाली, "हो, लागतं. आपण काढू काहीतरी मार्ग."

लोक विचारतात, घर कुठलं. आर्या शाळेत सरळ वाघोली सांगते. मला तसं पटकन येत नाही. इथे प्रत्येक डबा, प्रत्येक खुंटी मी माझ्या हाताने लावली आहे, अंधारातसुद्धा सापडेल. तरी संध्याकाळी शेवटचं मूल गेलं की ही जागा माझ्या कामाची वाटते, माझी वाटत नाही. आणि तिकडे, जिथे जन्मले, तिथे मी आता काहीच मांडत नाही. बॅग ठेवते, हात धुते आणि वहिनींना विचारते, "काय करू?" विचारावं लागतं हे आधी टोचायचं. आता टोचत नाही. विचारलं की त्या सांगतात, आणि सांगितलेलं मी करते, इतकं घर मला उरलं आहे आणि तेवढं मी जपते.

परवा गेले तेव्हा वहिनी खाटेच्या एका बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिकडून खांदा धरा. मी इकडून कंबर धरते. एकदमच वळवू, म्हणजे आईले दुखणार नाही."

मी खांदा धरला.