मष्णूअण्णा सिनेमा सांगतात

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं बेळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पोरं माझ्यामागं मला मिरची म्हणायची आणि ते मला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर ही बाई घरात गप्प बसणार नाही, हे आमच्या ह्यांनी आधीच ओळखलं होतं. आमच्या गल्लीजवळच्या वाचनालयाचा माडीवरचा हॉल रविवारी रिकामा असायचा. तो मी मागून घेतला, भिंतीवर पडदा लावला आणि दिपालीला लॅपटॉप घेऊन बसवलं. दिपाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत आहे. दर रविवारी दुपारी चारला सिनेमा. मल्याळी, इराणी, जपानी, जे चांगलं मिळेल ते. मैत्रिणी म्हणाल्या, "माधवी, बेळगावात कोण बघणार गं हे?" मी म्हटलं, कुणी नाही आलं तर मी एकटी बघीन, तुमच्या डोक्याला काय ताप?

पहिल्या रविवारी बावीस माणसं आली. सिनेमा मल्याळी, खाली इंग्रजी अक्षरं. अर्ध्या लोकांनी ती वाचायला घ्यावीत तोवर ती पळून जायची. दहाव्या मिनिटाला खुर्च्या कुरकुरायला लागल्या, दोघं उठून गेले. माझं डोकं तापत चाललेलं, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "ती म्हणतीया, भात सांडला तर सांडू दे, आदी पोरीला उचल."

मी गर्रकन वळले. "कोण बोलतंय?"

"मी मष्णू, बाई. हिंडलग्याचा. खाली पेपर वाचायला आलतो, आवाज ऐकून वर आलो. चुकलं काय?"

"तुम्हाला मल्याळम येतं?"

"तीस वर्सं तिकडंच गेली की. न येऊन सांगतो कुणाला?"

त्या दिवशी त्यांनी अख्खा सिनेमा मराठीत सांगितला. उठून गेलेल्या दोघांपैकी एक परत आला.

मष्णूअण्णांचे मामा विट्याकडचे, गलाईच्या धंद्यातले. गलाई म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं काम. सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा हे लोक नेतात आणि तिच्यातनं कणकण सोनं काढतात. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मामांनी मष्णूअण्णांना त्रिशूरला नेलं. बायको शालूबाई तेव्हा वीस वर्षांची, कडेवर एक पोर आणि एक पोटात. अण्णा वर्षातनं पंधरा दिवस यायचे, कधी तेही नाही. आम्लाच्या धुरानं छाती धरली तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, ते कायमचे परत आले. तोवर दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, सासूचं सगळं दुखणंखुपणं काढून शालूबाईंनी तिला पोचवलं होतं, आणि शेतात काय पेरायचं हे कुणाला विचारायची त्यांना सवय उरली नव्हती.

त्रिशूरला अण्णांना एकच नाद होता. रविवारी भट्टी बंद, की हे थेटरात. सुरुवातीला भाषा कळायची नाही, म्हणून नुसतं बघायचे. "भाषा येत न्हाई तवाच माणूस नीट बघतंय, बाई," ते मला म्हणाले होते. मी शिक्षिका, मला हे पटायला वेळ लागला. एका सिनेमात नट सोनाराचं काम करत होता. मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होते. अण्णा म्हणाले, "गाल बघा त्याचे. फुंकणीत फुंक चालूच हाय, आन श्वास नाकानं घेतोय. हे शिकायला मला सा म्हयने लागलते. ह्यानं खरंच कुणाजवळ तरी बसून शिकलंय." मग म्हणाले, "आपल्या पिच्चरमदला हिरो पोटासाटी काय करतोय ते तीन तासांत कळत न्हाई. तिकडं माणूस आदी काम करतंय, मग प्रेम."

एकदा इराणी सिनेमा होता. एक बाई कचेरीच्या दाराबाहेर दिवसभर बसून राहते आणि कॅमेरा एकदाही आत जात नाही. त्या दिवशी मराठीत सांगायला दिपाली होती, अण्णा नुसते बघत होते. संपल्यावर लोक म्हणाले, आतला साहेब तरी दाखवायचा होता. अण्णा म्हणाले, "सायेब दावला असता तर आपण एकट्या सायबावर चिडलो असतो. आता त्या दारावर चिडतोय न्हवं?" हेच सांगायला मी पाऊण तास घेतला असता आणि चार परदेशी नावं फेकली असती. खरं सांगते, मला हेवा वाटला.

अण्णांमुळं गर्दी वाढली. हिंडलग्याच्या बायका टेंपो करून यायला लागल्या. अण्णांच्या तोंडून केरळची नायिकासुद्धा आमच्या खेड्यातल्या बायकांसारखीच 'मी आलो, मी गेलो' म्हणायची, आणि बायका खूश. पण मी पडले इंग्रजीची बाई. माझा एक डोळा खालच्या अक्षरांवर. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की हा माणूस मधेच पदरचं घालतोय. पडद्यावरची सून सासऱ्याला म्हणते, तुमचं उष्टं ताट मी यापुढं उचलणार नाही. अण्णा सांगतात, "मामंजी, आज माझं अंग दुकतंय." पडद्यावरची बहीण भावाला म्हणते, तू माझा वाटा खाल्लास. अण्णा सांगतात, "दादा, माझी आठवण ठेव."

चार रविवार मी दम धरला. पाचव्याला त्यांना जिन्यातच गाठलं. "अण्णा, सिनेमा तुमचा का करणाऱ्याचा? त्या बायका भांडतायत आणि तुम्ही त्यांना गरती करून सोडताय!"

"गावच्या बायका बसल्यात, बाई. उगं घराघरात भांडणं कशाला?"

"भांडणं त्यांच्या घरात आधीच आहेत. तुमच्या सांगण्यानं नाही लागणार. नीट सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर दिपाली सांगेल."

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी खोड. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. "बरं, नीट सांगतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारचा सिनेमा मी, दिपाली आणि अण्णा, आम्ही आधीच दोनदा बघून ठेवला. गोष्ट साधी. आखातात पंचवीस वर्षं राबून नवरा कायमचा घरी येतो. बायको काथ्याच्या दोऱ्या वळून पोट भरत आलेली असते. बस, एवढंच. शुक्रवारी मष्णूअण्णा माझ्या दारात हजर. चहा घेतला नाही, बसलेही नाहीत.

"बाई, ह्यो नको लावूया."

"का? फळ्यावर नाव लागलंय."

"ह्या रविवारी शालू यायची म्हणतीया. कदी न्हाई ते. बायकांनी ओढून काडलंय तिला." मग म्हणाले, "तीन वर्सं झाली बाई मला येऊन. जेवान वाडलंय, औषध घ्या, दार लावा. एवडंच बोलतीया. भांडत बी न्हाई. ती भांडली असती तर मी सुटलो असतो. आता त्या पिच्चरमदली बाई जे बोलतीया, ते मीच माझ्या तोंडानं तिला सांगू व्हय? ऐकून ती म्हणाली की माझ्या बी मनात हेच हाय, तर मी जायाचं कुटं?"

तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं. सिनेमे काय, छप्पन्न होते दिपालीकडं. पण माझा हट्ट आडवा आला. "अण्णा, ठरलं ते ठरलं," असं म्हणून मी त्यांना परत पाठवलं. दार लावल्यावर मला माझीच लाज वाटली, तरी सिनेमा बदलला नाही.

रविवारी शालूबाई आल्या. बारीक अंगाच्या, ताठ बसणाऱ्या. दुसऱ्या रांगेत बायकांच्या मधे बसल्या, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. अण्णा नेहमीसारखे भिंतीला टेकून उभे. सांगत होते, पण आवाज बसलेला.

मग ती जागा आली. नवरा उंबऱ्यावर बसलेला, बायको अंगणात दोरी वळतेय. कॅमेरा हलत नाही. पाठीमागं संगीत नाही, नुसता काथ्या घासल्याचा आवाज. ती दोरी वळता वळता बोलायला लागते, वर न बघता, आणि बोलतच राहते. हॉलमध्ये अण्णांचा आवाज बंद पडला. बायका मागं वळून बघायला लागल्या.

शालूबाईंनी मान वळवली नाही. पडद्याकडं बघतच विचारलं, "काय म्हणतीया ती?"

अण्णा म्हणाले, "म्हणतीया, हातपाय धुवा, चा ठेवतो."

"एवडा वेळ बोलाय लागलीया, आन नुसता चा?"

कुणीतरी खुसकन हसलं. शालूबाई हसल्या नाहीत. "मला तिची भाषा येत न्हाई," त्या म्हणाल्या, "खरं तिचं त्वांड मला कळतंय. बोट कापलंय तिचं दोरीनं, तरी थांबंना. चा ठेवणारी बाई अशी बसत न्हाई. खरं काय ते सांगा."

ते कापलेलं बोट दोन वेळा सिनेमा बघूनही मला दिसलं नव्हतं. दिपालीनं मला विचारल्यासारखं करून लॅपटॉप थांबवला. पडद्यावर ती बाई तशीच थांबली.

अण्णा भिंत सोडून पुढं आले. पडद्याकडं पाठ झाली तरी त्यांना कळलं नाही.

"म्हणतीया, तू गेलास तवा मी ल्हान हुतो. आलास ते दमलास म्हणून आलास, माझ्यासाटी न्हाई. म्हणतीया, तुज्या आईचं दुकणं मी काडलं, तुजी पोरं मी वाडवली, तापानं फणफणलो तरी माझ्या कपाळावर माझाच हात. तुला वाटतंय घर तुजी वाट बघत हुतं. घर न्हाई, मी बघत हुतो. लई वर्सं बघितलो. मग एक दिवस बघायचं सोडलो, आन त्या दिवशी मला कुणी इचारलं बी न्हाई."

एकही शब्द इकडचा तिकडं नव्हता. खालची अक्षरं मला पाठ होती. हॉलमध्ये चाळीस माणसं, आणि मी, मिरची म्हणवून घेणारी, तोंडाला पदर लावून रडत होते.

शालूबाईंची नजर पडद्यावरच होती. मग म्हणाल्या, "मग त्यो काय म्हणतोय?"

"त्यो कायच बोलत न्हाई. शेवटपतूर गप हाय."

आता त्यांनी पडद्यावरची नजर काढली आणि नवऱ्याकडं बघितलं. "आन तुमी?"

अण्णांना खोकला आला, तो आवरला. "चुकलं माझं, शालू," म्हणाले. "येऊन तीन वर्सं झाली. पयल्याच दिवशी म्हणायचं हुतं. भ्यालो."

शालूबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा हितं," त्या म्हणाल्या. "आन म्होरलं सगळं नीट सांगा."