डिजिटल डायरी कोरी झाल्याची तक्रार

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जुन्या गोष्टी निघाल्या की माझ्या तोंडी आधी येते ती अकोल्यातली एक तक्रार, जिच्यात कोणाला साधं खरचटलंही नव्हतं.

मी तेव्हा तिथल्या एका ठाण्यात फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देत वर आलो. थेट भरतीवाल्यांना मिळणारी मोठी ठाणी मला कधी मिळाली नाहीत. असो. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळची हजेरी आटोपून मी रात्रपाळीच्या नोंदी वाचत होतो. जठारपेठेतले एक फुलांचे व्यापारी तणतणत आत आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर डिजिटल डायरी आपटली.

आजच्या मुलांना ही चीज समजावून सांगावी लागते. मोबाइल हातोहाती यायच्या आधीचं ते यंत्र. तळहाताएवढं, झाकण उघडलं की वर काळपट अक्षरांचा पडदा, खाली बारीक बटणं. फोन नंबर, पत्ते, कामाच्या तारखा त्यात भरायच्या आणि पासवर्ड लावायचा, म्हणजे दुसऱ्याला काही दिसत नसे. शर्टाच्या खिशात ती असली की लोक अदबीने बोलत. माझ्याकडेही होती. अमरावतीच्या एका दुकानात तीन चकरा मारून, दोनदा रागावून पायऱ्या उतरून, निम्म्या भावात घेतलेली. वर सेलचा एक जोड फुकट. सेल देताना दुकानदाराने बजावलं होतं, "साहेब, हे मोठे सेल अन् हा बटणासारखा चपटा सेल एकाच टायमाले काढू नका. अंदरचं सारं पुसून जाते." ठाण्यात ते यंत्र चालवता येणारा मी एकटाच.

"साहेब, चोरी झाली," व्यापारी म्हणाले.

"काय गेलं?"

"नंबर गेले."

"डायरी तर इथंच हाय."

"डायरी हाय, पण आज उघडून पायली त अंदर काहीच नाई ना! सारे शेतकरी, सारे गिऱ्हाईक, दिवाळीच्या ऑर्डरी, सारं साफ. माया साळ्यानं नंबर उतरवून घेतले अन् पुसून टाकले. दसऱ्याच्या गर्दीत शर्ट खुंटीले होता, तवाच हात मारला त्यानं."

बाजूला बसलेल्या हवालदाराने हळूच विचारलं, "साहेब, कलम कोणतं लावायचं?" मलाही ते ठाऊक नव्हतं. तक्रार अर्ज घेतला, ठाणे दैनंदिनीत नोंद केली, दुकानाचा आणि घराचा पंचनामा करून यंत्र ताब्यात घेतलं.

साळा म्हणजे व्यापाऱ्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. कित्येक वर्षं दुकानात राबलेला, चाळिशीचा गडी. त्याच दुपारी ठाण्यासमोरच्या चहावाल्याने खबर दिली, "साहेब, तो साळा स्वतःसाठी गाळा पाहून राहिला. दिवाळीआधी दुकान टाकतो म्हणते." हेतू मिळाला. व्यापाऱ्याची वर ओळख होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्या वरिष्ठ साहेबांचा फोनही आला, "त्याला उचला."

उचलणं सोपं होतं. पण फुलांचा बाजार तोंडी शब्दावर चालतो. ऐन दिवाळीच्या तोंडावर हा माणूस चोर म्हणून आत गेला असता, तर त्याला गाळा कोणी दिला नसता आणि शेतकऱ्यांनी मालही घातला नसता. सुटून आला असता तरी धंदा संपलाच होता. म्हणून अटक न दाखवता मी त्याला चौकशीला बोलावलं.

चौकशी हा माझ्या मते सौदाच असतो. जो आधी भाव बोलतो तो फसतो. मी गुळमुळीत सुरुवात केली.

"हे पाय, नंबर परत दे. मी तुया भाऊजीले समजावतो. घरातली गोष्ट घरात राहीन."

"जे नेलंच नाई थे परत कुठून देऊ?"

"मंग गाळा कायले पाहून राहिला?"

"गाळा पायनं गुन्हा हाय काय, साहेब? किती वर्सं दुसऱ्याच्या दुकानात हार ओवू? अन् ज्या शेतकऱ्याच्या घरी मी जेवतो, त्याचा फोन नंबर मी चोरीन कायले?"

मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. त्याने माझ्याहून चढवला. चोर घासाघीस करतो. थोडं देतो, थोडं लपवतो. हा एक पैसा खाली यायला तयार नव्हता. मला त्याचा राग आला, पण तो खरं बोलतोय हेही तिथेच कळलं.

त्याला घरी पाठवून मी यंत्र हाती घेतलं. नंबर नाहीत, पासवर्ड नाही, सगळं कोरं. घड्याळ मात्र चालू होतं आणि ऑक्टोबरात जानेवारीचा पहिला आठवडा दाखवत होतं. माझ्या डायरीचे सगळे सेल काढून परत घातले. तिचेही नंबर गेले, आणि घड्याळ एक जानेवारीच्या मध्यरात्रीपासून पुढे चालू लागलं. (ते नंबर पुन्हा भरायला मला पंधरवडा लागला, त्याची भरपाई खात्याने दिली नाही.) व्यापाऱ्याने रागाच्या भरात घड्याळ लावलंच नव्हतं. जानेवारीतले तेवढे दिवस आणि तास मागे मोजत गेलो, तेव्हा ते यंत्र कोरं झाल्याची वेळ निघाली खंडेनवमीची सकाळ. म्हणजे दसऱ्याच्या आदला दिवस.

आणि खंडेनवमीच्या सकाळी साळा तेल्हारा तालुक्यातल्या शेतांवर झेंडूचा माल भरत होता. तिथल्या ठाण्यामार्फत शेतकऱ्यांचे जबाब मागवले, ते जुळले.

व्यापाऱ्याला विचारलं, "खंडेनवमीले डायरी कुठं होती?"

"घरीच इसरलो होतो. पण घरी कोण हाय? बायको. तिले तर ते चालूबी करता येत नाई."

मी त्यांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर माळा ओवायच्या सुया, कात्री, तराजू ठेवलेले. साऱ्यांवर कुंकवाची बोटं अजून तशीच होती. बाई चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, "ताई, चहा राहू द्या, बसा. खंडेनवमीले यांचं यंत्र पुजलं होतं काय?"

"पुजलं ना जी," त्या सहज म्हणाल्या. "साऱ्या अवजारायची पूजा करतो आमी. यंत्र तसंच ठिवलं असतं त हेच म्हणले असते, मायं काहून नाई पुजलं? पाणी लागून खराब होईन म्हणून सेल काढून ठिवले. मोठे काढले, चपटाबी काढला. हळद-कुंकू वाह्यलं, मंग फडक्यानं साफ पुसलं, अन् सेल होते तसे बसवून देल्ले."

व्यापारी ओरडले, "तुले कोणी सांगतलं होतं वं हात लावाले?"

बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे माया भावाले ठाण्यात बसवलं थे याच्यापायी?"

"ताई, हे आधी काहून नाई सांगतलं?"

"मले कोणी विचारलं? पंचनाम्याच्या दिवशी दोन डाव चहा देल्ला मी तुमाले. तुमी यायच्याशीच बोलून राहिले होते."

दुसऱ्या दिवशी व्यापारी लेखी माघार घेऊन आले. "गैरसमजातून तक्रार झाली. फाइल बंद करा, साहेब."

मी कागद बाजूला सरकवला. "याच्यानं भागत नाई. चोर म्हणून बाजारात बोंबलले तुमी. आता बाजारातच सांगा."

"मी? साऱ्याइच्या समोर?"

"नाई त खोटी तक्रार म्हणून तुमच्यावर रिपोर्ट पाठवतो. पाहा, कोणतं परवडते."

तासभर घासाघीस झाली. एकट्या साळ्याची माफी मागतो म्हणाले, दोन अडत्यांना सांगतो म्हणाले. मी खाली आलो नाही. पहाटेच्या लिलावाला, ढिगांभोवती सगळे जमलेले असताना, ते दात चावत बोलले, "साळ्यानं चोरी नाई केली. चूक मायी होती." मी तिथे उभा राहून ऐकलं. दिवाळीआधी साळ्याचं दुकान लागलं. पहिल्या दिवशी बहीण गल्ल्याजवळ बसून हार ओवत होती.

मोबाइल आले म्हणून डिजिटल डायऱ्या गेल्या असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. एकेक अक्षर दाबून आपणच भरायचं, सेल संपले की आपणच रडायचं, आणि फोन करायला पुन्हा उठून दुसऱ्या यंत्राकडे जायचं. असा सौदा लोक किती दिवस करतील? मोबाइलने नंबर ठेवलाही आणि लावूनही दिला. तरी ते झाकण बंद करताना होणारा टक् आवाज मला आवडायचा. शिवाय भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली वही घरात कोणीही वाचू शकायचं. या यंत्राचा मालक एकटाच, त्यामुळे आतलं गेलं की संशय पहिला घरच्यांवर.

त्या प्रकरणानंतर मी एक रीत पाळली. कोणत्याही घरी चौकशीला गेलो की चहा घेऊन येणाऱ्या व्यक्तीला आधी बसवायचं आणि तिला विचारायचं. पुढे त्याने बरीच कामं सोपी झाली. नव्या फौजदारांना मी हे फुकट सांगत असे, ते हसत.

माझ्या बक्षिसाचा प्रस्ताव ‘त्याला उचला’ म्हणणाऱ्या साहेबांकडूनच परत आला. दिवाळी होताच माझी अकोल्याहून आडबाजूच्या ठाण्यात बदली झाली. सेवापुस्तकात त्या बदलीपुढे "प्रशासकीय कारणास्तव" असं लिहिलेलं आहे. कारण मला माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत झालं.