कापूस बाजारातली कानाची मशीन

कापूस बाजारात किस्से शोधावे लागत नाहीत. गाड्या रांगेत, माणसं रिकामी! त्यात माझ्या शेजारच्या गाळ्यातले अडत्या गजाननभाऊ. बरीच वर्षं ठार बहिरे. दिवाळीनंतर नागपूरला ऑपरेशन करून डोक्यात इम्प्लांट बसवून आले आणि अख्खा बाजार गोंधळला!

पहिल्याच दिवशी हमालाने विचारलं, "भाऊ, याले रिचार्ज कोन्त्या कंपनीचा लागते?"

"चार्जिंग लागते."

"मंग लाइन गेल्यावर?"

"बहिरा!"

हमालाने लोडशेडिंगला कचकचीत शिवी हासडली. भाऊ खूश! इतक्या वर्षांनी शिवी स्पष्ट ऐकू आली होती.

*

कानामागे कातडीखाली लोहचुंबक असतं, त्यावर आवाज पकडणारं बाहेरचं बटण चिकटतं; ते काढलं की भाऊ पुन्हा बहिरे. सलूनमध्ये न्हाव्याने बटण काढून कैची नेली, तर टक्कन डोक्याला चिकटली! "देवा रे! डोस्कं कैची ओढून राह्यलं!"

दाढीला बसलेले मास्तर साबणासकट उठले. खिशातली पिन लावून पाहिली. तीही चिकटली. "सायन्स आहे," म्हणाले. पण चेहरा काही सायन्सचा नव्हता.

*

मुलीचा फोन ब्लूटूथने थेट डोक्यात! हातात काही नाही, समोर कापसाची गंजी आणि भाऊ विचारतात, "जेवली का वो बाई?"

चहावाली कमलमावशी हळहळली, "डॉक्टरनं कान देला, डोस्कं नेलं!"

मी सगळं समजावलं. ती विचारात पडली. "माह्ये कान चांगले हायेत. पन मले बसवून देतीन का? ऑर्डर डायरेक्ट डोक्यात!"



*

खरी पंचाईत लिलावात झाली. कुठवर चढायचं ते व्यापारी आपसात कुजबुजून ठरवतात. भाऊ आता सगळं लांबून ऐकतात, असा त्यांचा समज. "मशीन काढा, नाई तं तुमच्या गाड्यांवर बोली नाई!"

भाऊंनी परोपरीने सांगितलं, गोंगाटात मशीनने धड कळतही नाही. कोणी ऐकेना. खरं सांगतो, मलाही क्षणभर शंका आली. त्याची आता लाज वाटते. तीन शेतकऱ्यांचा कापूस भाऊंच्या भरवशावर उभा होता. भाऊंनी मुकाट्याने बटण काढून माझ्या हातात दिलं.

व्यापारी निवांत झाले, भाऊंच्या नाकासमोरच कुजबुजू लागले. बोली थांबली की भाऊ मान हलवत, "अजून चढा!" आणि व्यापाऱ्यांचं जिथवर ठरलेलं असे अगदी तिथवर भाव नेऊनच सौदा सोडत.

तिसऱ्या गाडीला व्यापाऱ्यांतले मोठे शेठ घामाघूम. माझ्या हातातलं बटण उलटंसुलटं करून पाहिलं. "मशीन तं इथं हाये! मंग याले काऊन समजून राह्यलं?"

भाऊ त्यांच्या ओठांकडे बघत हसले.

"तुमची तोंडं वाचूनच तं धंदा केला शेठ! मशीन आल्यापासून सवय मोडून राह्यली होती."