मागून येणाऱ्या सामानाची यादी

कागद ठेवायला ऑफिसात लोखंडी कपाटं आहेत. वर्ष संपलं की जुने कागद खोक्यात जातात, खोकी तळघरात जातात, पुढचं उंदीर बघून घेतात. किस्से कुठं जातात? कुठंच नाही! ते माझ्या डोक्यात साठत राहतात, आणि माझ्या डोक्याला तळघर नाही. म्हणून लिहून काढतोय. शुद्धलेखन बघू नका. मी चौथी पास आहे, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून.

अमेरिकेत आयसेलिनला ओक ट्री रोडवर एका साडीच्या दुकानाशेजारून जिना वर जातो. वर वंदनाताईंचं ऑफिस. बाई नागपूरच्या. लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरतात, आणि इथून कॅनडाला राहायला जाणाऱ्यांचे सगळे कागद करतात. मी तिथं झेरॉक्स काढतो, पासपोर्टचे फोटो काढतो आणि लोकांना झापतो. झापायचा पगार नाही, पण तेच काम मी सगळ्यात मन लावून करतो.

एका वर्षी आमच्याच घरची फाइल कपाटात आली. माझा मुलगा मिलिंद इंजिनिअर. त्याला टोरांटोला नोकरी लागली. कॅनडाच्या फॉर्मवर त्याच्या नावाला जागा, सून सुजाताच्या नावाला जागा, नात नेहाच्या नावाला जागा. मी फॉर्म उलटा केला, सुलटा केला.

"ताई, बापाचा रकाना कुठाय?"

"काका, बाप ह्या फॉर्मवर जात नाही. आधी मिलिंदनं तिकडं सेटल व्हायचं. मग त्यानं तुम्हाला स्पॉन्सर करायचं."

"कधी?"

"ते मिलिंदवर आहे."

म्हणजे त्यानं बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तर मरेस्तोवर झेरॉक्स काढायची. नेहा इथंच जन्मलेली, ती मला म्हणाली, "डोन्ट वरी आजोबा, यू कॅन व्हिजिट अस!" व्हिजिट! पाहुणे करतात ते.

मिलिंदला मी काही विचारलं नाही. जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला मी नको ते विचारतो. ह्याला मात्र तोंड उघडेना.

* * *

भालेराव म्हणून एक गृहस्थ. त्यांनी उन्हाळ्यात अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. शपथ घेऊन थेट आमच्या जिन्यावर आले आणि सगळ्यांना पेढे वाटले. साडीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा! थंडी सुरू झाली तसे परत आले. आता कॅनडाला नोकरी.

"वंदनाताई, हा माझा शेवटचा अमेरिकन टॅक्स रिटर्न हां! एकदा बॉर्डर ओलांडली की ह्यांचा माझा संबंध संपला."

वंदनाताईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की मी खुर्ची ओढून बसतो.

"भालेराव, अमेरिकन नागरिक जगात कुठंही राहो, फॉर्म भरावाच लागतो. दर वर्षी."

"तिकडचा टॅक्स भरला तरी?"

"तिकडचा भरला ते ह्यांना कळवायला भरायचा."

"मेल्यावर तरी सुटका?"

"त्या वर्षाचा राहतोच. तो घरचं कोणीतरी भरतं."

भालेरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन-तीन पानं उलटली. मग माझ्याकडं वळले.

"काका, तुम्ही पेढा खाल्ला होता ना?"

"दोन खाल्ले."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत यार!"

* * *

कॅनडाच्या फॉर्मवर मागच्या दहा वर्षांचे पत्ते लिहायचे असतात. महिन्यामागून महिना, मधे एक फट चालत नाही. फट दिसली की मी झापलंच.

कांबळे नावाचा एक जण आला. शांत माणूस, कंप्युटरवर काम करणारा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. यादी चांगली लिहिली होती, पण अमेरिकेत आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात चार महिने गायब.

मी म्हटलं, "नोव्हेंबर ते फेब्रुवारी काय ढगात राहत होता?"

त्यानं शर्टाची वरची गुंडी चाचपली.

"अहो, मित्राकडं असाल तर मित्राचा पत्ता लिहा! रिकामं सोडायचं नाही. रिकामं दिसलं की फाइल परत येते."

त्यानं खिशातून पेन काढलं, सावकाश लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. मोठी अक्षरं येतात, ती जुळवत जुळवत जावं लागतं. आधी गाडीचा नंबर होता. मग रंग, निळा. मग 'मागची सीट'. मग एका लायब्ररीचं नाव आणि 'पाठीमागचं पार्किंग'.

मी कागद झेरॉक्सवर ठेवला. त्या दिवशी मी आणखी कोणालाच झापलं नाही.

वंदनाताईंनी ती ओळ वाचली. मी म्हटलं, "बदलायची का?"

"खरं आहे ना? मग राहू दे."

महिन्याभरानं तिकडून पत्र आलं. कांबळेला फोन करून बोलावून घेतलं. तो पाकीट फोडेना. मग वंदनाताईंनी फोडलं. आत एकच प्रश्न होता.

पार्किंगचा झिप कोड राहिलाय!

* * *

दागिन्यांचं वेगळंच त्रांगडं. कॅनडात नेताना दागिना यादीत लिहायचा आणि त्याचा फोटो जोडायचा. टोरांटोला निघालेल्या एक बाई, नलिनीताई, नवऱ्याबरोबर आल्या. पाटल्या, कानातले, सगळं काढून टेबलावर मांडलं. मंगळसूत्र काढेनात.

नवरा म्हणाला, "अगं, दोन मिनिटं काढ. काका फोटो काढतील, परत घाल."

"नाही."

"सरकारी काम आहे ते!"

"लग्न सरकारनं लावलं नव्हतं."

आता काय करणार? मी त्यांना पासपोर्टच्या स्टुलावर बसवलं, कॅमेरा खाली घेतला आणि नुसता गळा धरला. आमच्या कॅमेऱ्यातून एका दमात चार फोटो निघतात. कागद सोलला तर चार गळे आणि चार मंगळसूत्रं, चेहरा एकालाही नाही.

नवरा हसायला लागला. "नलू, बघ तर कशी दिसतेस!"

बाईंनी कागद हातात घेतला, चारही फोटो नीट बघितले.

"मला बघायला आला होतात, तेव्हाही एवढंच बघितलं होतं तुमच्या घरच्यांनी," म्हणाल्या. "फक्त तेव्हा गळा रिकामा होता."

मी चारातला एक फोटो कापला आणि यादीला जोडला. उरलेले तीन त्या घेऊन गेल्या. कशाला, मी विचारलं नाही.

* * *

आमची फाइल पुढं सरकत होती. मेडिकल झालं, पोलिसांचे दाखले आले. घरात खोकी आली. मी खोक्यांमधून वाट काढत सकाळी ऑफिसला आणि संध्याकाळी घरी.

तेवढ्यात एक जोडपं आलं. नवरा वर्षभर टोरांटोत नोकरी करत होता, बायको इथं. तो म्हणाला, "मला आता टॅक्सच्या कागदावर पक्का कॅनडाचा रहिवासी दाखवा. इथली गाडी विकलीय, बँक बंद केलीय."

वंदनाताईंनी विचारलं, "घर?"

"आहे. बायको राहते त्यात."

"मग तुम्ही कागदावर इथलेच ठरू शकता. घर कुठं, बायको कुठं, मुलं कुठं, हे आधी बघतात."

"अहो, पण मी झोपतो तिकडं, जेवतो तिकडं!"

"कागदाचं म्हणणं, बायको जिथं असते तिथं माणूस राहतो."

बायकोनं खुर्ची पुढं ओढली. ती वंदनाताईंना म्हणाली, "कागदाला म्हणावं, हे इथं होते तेव्हासुद्धा मला कधी घरात सापडले नाहीत. तुमच्या कागदाला सापडले कसे?"

ती दोघं जिना उतरल्यावर मी विचारलं, "ताई, त्या कागदावर घर विचारतात, बायको विचारतात, पोरं विचारतात. म्हातारा बाप कुठं राहतो, हे विचारत नाहीत?"

"पहिल्या पानावर तरी नाही, काका."

त्या म्हणाल्या ते खोटं नव्हतं. चहा मात्र मला कडू लागला.

* * *

आता शेवटचं.

कॅनडात राहायला जाताना सामानाच्या दोन याद्या करतात. एक, आत्ता ट्रकमधून बरोबर नेतोय त्याची. दुसरी, मागून येणाऱ्या सामानाची. पहिल्या दिवशी बॉर्डरच्या पुलावर कस्टमवाल्यांचा दोन्हींवर शिक्का घ्यायचा. दुसऱ्या यादीत जे लिहिलं ते पुढं कधीही आणा, कोणी अडवत नाही. जे लिहिलं नाही ते विसरा, नाहीतर ड्यूटी भरा. हे मी शंभर जणांना ओरडून सांगितलंय. "आठवून लिहा! मागं राहिलेलं सगळं लिहा!"

माझ्याकडं मागं राहण्यासारखी एकच वस्तू, माझी बाज. इथल्या गाद्यांवर माझी कंबर धरते. म्हणून अमेरिकेत आल्या वर्षीच मी हार्डवेअरच्या दुकानातून लाकडं आणली, नायलॉनची दोरी आणली, आणि पार्किंगमध्ये बसून बाज विणली. सुजाताला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपते. "बाबा, हा सांगाडा आधी उचला, मला व्हॅक्यूम करायचंय!" रोज हेच. मीही रोज सांगायचो, "सांगाडा माझा आहे, घर तुझं आहे, व्हॅक्यूम फिरवून घे."

मिलिंदनं दोन्ही याद्या झेरॉक्सला माझ्याकडंच दिल्या. पहिली मी तशीच मशीनवर ठेवली. ती ट्रकमधल्या सामानाची, तिच्यात माझं काय असणार? दुसरी घेऊन मी खिडकीपाशी गेलो. बोटानं एकेक ओळ. शिलाई मशीन होतं. मैत्रिणीकडं ठेवलेला नेहाचा पियानो होता. पुस्तकं, सायकल, शेगडी. खालपासून परत वर गेलो. सी, ओ, टी. तीन अक्षरं शोधत होतो. नव्हती.

बाज नाही, म्हणजे बाजेवर झोपणाराही नाही. समजायचं ते मी समजलो. झेरॉक्स काढली, स्टेपल मारली.

वंदनाताईंनी विचारलं, "काका, काही राहिलं का लिहायचं?"

"काही नाही."

माझी सोय वंदनाताईंनी ऑफिसच्या मागच्या खोलीत लावली होती. निघायच्या दिवशी मी लवकर उठलो, कोणाला न सांगता बाहेर पडलो आणि ऑफिस उघडून बसलो. ट्रक भरताना बघत उभं राहायला मी काही हमाल नव्हतो.

संध्याकाळी बाज न्यायला घरी गेलो. घर झाडून पुसून ठेवलेलं. माझी पत्र्याची पेटी होती, घोंगडी घडी करून ठेवलेली होती. बाज नव्हती! कार्पेटवर तिच्या चार पायांचे चार खड्डे तेवढे.

म्हटलं, टाकली. शेवटी सांगाडा उचलला बाईनं!

खाली गेलो. इमारतीमागं कचऱ्याचे मोठे लोखंडी डबे आहेत. पहिल्या डब्यात वाकून बघितलं, दुसऱ्यात बघितलं, तिसऱ्यात खोकी होती ती एकेक बाजूला केली. वरच्या गॅलरीतून शेजारच्या गुजराथी बाईंनी हाक मारली, "काका, क्या ढूंढते हो?"

"कुछ नहीं."

घोंगडी घेऊन ऑफिसला आलो आणि जमिनीवर अंग टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॅक्स वाजला. शिक्का मारलेल्या याद्यांची कॉपी फाइलला लागते, ती मिलिंदनं पाठवली होती. पहिलं पान हळूहळू बाहेर आलं. मला काही बघायचं नव्हतं. पण डोळा गेलाच. पहिली यादी, ट्रकमधल्या सामानाची. पहिलीच ओळ. सी. ओ. टी.

मी पान उचलतोय तोवर फोन. सुजाता.

"बाबा, काल कुठं गेला होतात न सांगता? नेहा रडली ट्रकमध्ये."

"माझी बाज कुठाय?"

"इथं, तुमच्या खोलीत. सगळ्यात शेवटी चढवली म्हणून पुलावर सगळ्यात आधी तीच दिसली. ऑफिसरनं ट्रकचं दार उघडलं तर समोर तुमचा सांगाडा, चारही पाय वर! म्हणाला, हे काय आहे? म्हटलं, सासऱ्यांची बाज. म्हणाला, सासरे कुठायत? म्हटलं, मागून येताहेत. मग त्यानं ती दुसरी यादी घेतली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. गंभीर तोंड करून म्हणतो, ह्यात तर नाव दिसत नाही त्यांचं."

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, बाज दिसते ना? मारा शिक्का!"